सुनेचं नाव, माझं शेपूट

सभा अकरा वाजता होती आणि सकाळी आठपर्यंत मी अंगण तिसऱ्यांदा झाडून काढलं होतं. तिसऱ्या वेळी झाडायला काही उरलंच नव्हतं, म्हणून लिंबाची दोन पिवळी पानं इकडून तिकडं ढकलत होते. नात ओसरीवर दप्तर भरत बसली होती. म्हणाली, "आजी, तुला मुंग्या लागल्यात का?"

म्हटलं, "गप बस. वेणी नीट घाल आधी."

मुंग्याच होत्या, पण अंगाला नव्हत्या. त्या घरात एक गोष्ट फक्त मला माहीत होती. आता या वयात लपवून काय करू, सांगूनच टाकते. शाळेच्या रजिस्टरात माझ्या सुनेच्या नावानं एक सही होती. त्या सहीच्या आधारावर माझ्या नातीच्या वर्गाच्या बाई दुसऱ्या गावाला धाडल्या होत्या. आणि ती सही सुनेनं केलेली नव्हती. मी केली होती.

आमचं गाव भूम आणि परंड्याच्या मधे कुठंतरी आहे असं समजा. नेमकं कुठं ते सांगत नाही, उगीच कुणीतरी चौकशीला यायचं. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. नात पाचवीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा पाचवीच्या बाई आल्याच नाहीत. चार दिवसांनी कळलं, त्यांना पलीकडच्या गावात प्रतिनियुक्तीवर पाठवलंय. म्हणजे नाव इथल्या हजेरीपटावर आणि खडू तिथल्या फळ्यावर. पाचवीची पोरं उचलून व्हरांड्यात तिसरीच्या शेजारी आणून बसवली. तिसरीच्या गुरुजींनी एकदा मान वळवून सांगितलं, "तुम्ही मोठी आहात, धडा उतरून काढा," आणि ते पुन्हा तिसरीकडं वळले ते वळलेच.

संक्रांतीपर्यंत नातीनं एकच धडा इतक्यांदा उतरवला की मलाही तो पाठ झाला. वर्गाची हजेरी तीच घ्यायची. संध्याकाळी मी विचारायची, "आज कोण कोण हजर?"

"सगळे हजर. फक्त बाई गैरहजर."

भागाकार दिवाळीआधी जिथं थांबला होता तिथंच थांबलेला. बाकी उरली की पुढं तिचं काय करायचं, ते बाई सुट्टीनंतर सांगणार होत्या. पोरगी बाकी काढायची आणि पेन्सिल तोंडात धरून तिच्याकडं बघत बसायची. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, सांगूनच टाकलं होतं, उन्हाळ्यापर्यंत बाई आल्या नाहीत तर पोरीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालणार. त्या शाळेची पिवळी गाडी सकाळी उजाडायच्या आत येते. गाडीचं नाव निघालं की पोरगी जेवता जेवता उठून जायची.

माझी सून शाळा व्यवस्थापन समितीत आहे. पालकांची समिती असते ती, शाळेत काय चाललंय त्यावर लक्ष ठेवायला. सून बारावी शिकलेली, बोलायला कमी आणि कामाला खमकी. आमची खव्याची भट्टी आहे, ती तीच सांभाळते. बाईंना परत आणा म्हणून तिनं अर्ज लिहिला आणि दारोदार फिरून पालकांच्या सह्या घेतल्या. प्रत्येकाला आधी अर्ज वाचून दाखवायची आणि मग पेन पुढं करायची. मी तिला म्हणाले सुद्धा, "अगं, सहीच घ्यायची ना? वाचत काय बसतीस?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी शेंगांचं सूप उचलून दुसरीकडं जाऊन बसले.

अर्ज घेऊन ती मोठ्या गुरुजींकडं, म्हणजे हेडमास्तरांकडं गेली आणि तासाभरात पाय आपटत परत आली.

"आत्या, गुरुजी म्हणतात, बाईंना सोडायला समितीनंच ना हरकत ठराव दिलाय."

"असं?"

"नऊ जणांच्या सह्या हायत म्हणं. माझी बी."

"असं?"

"म्या असला ठराव डोळ्यांनं बघितला न्हाय. मंगळवारी सभा लावायला सांगून आलेय. केंद्रप्रमुख साहेब येणार हायत. त्यांच्यासमोर रजिस्टर उघडू द्या, खोटी सही कुणी केली ते निघू द्या, मग बघते म्या त्याच्याकडं."

मी शेंगा फोडत होते. दाणा सुपाबाहेर फेकला आणि फोल तोंडात टाकलं.

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हाची गोष्ट. भट्टीवर दिवसभर कढया चढलेल्या. खवा आटत आला की कढई म्हणजे तान्ह्या पोरासारखी, क्षणभर नजर काढायची सोय नाही. उलथनं तळापासून फिरवत राहायचं, हात थांबला की लागलाच. सून कढईपुढं घामानं न्हालेली, आणि तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणारी बाई रजिस्टर पदराखाली धरून दारात.

"आक्का, सूनबाईंची सही पायजे."

"तिचा हात सुटत न्हाय आत्ता."

"मग तुमीच करा की. समद्या घरी असंच चाललंय. वरचं गुरुजी मागनं लिवणार हायत."

पान कोरं होतं. वर नुसती तारीख आणि खाली सह्या. हल्ली आमच्या गावात समितीची सभा बहुतेक अशीच भरते. माणसं शाळेकडं जात नाहीत, रजिस्टरच माणसांकडं फिरतं. मी पेन घेतलं आणि सुनेचं नाव लिहिलं. तिथं थांबले असते तर आजही कुणाला कळलं नसतं. पण नावाखाली मी रेघ ओढली, रेघेच्या टोकाला वळसा दिला आणि वळशात दोन टिंबं दिली. सुनेचं नाव, माझं शेपूट.

या शेपटाची जी मालकीण, तिची ओळख करून द्यायला हवी. ती बाई चाळिशीच्या आतली, सातवी पास आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. तेव्हा गावच्या शिक्षण समितीत बायका हव्या होत्या आणि हिला सही येत होती, एवढ्यावर हिची निवड झाली. हिला वाटलं, गावानं आपली अक्कल ओळखली. आठ दिवस कोळसा घेऊन चुलीमागच्या भिंतीवर सहीचा सराव चालला होता. घरधनी एकदा म्हणाले, "आता भिंत बी समितीला देऊन टाकायची का?" पण बाई कसली ऐकते. दोन टिंबं कशासाठी ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. शोभेला बरी दिसतात, एवढंच.

सभेला ही कडक इस्तरीचं लुगडं नेसून जायची. पदर सावरत दाराशी बसायची. कुणी काही विचारलं की म्हणायची, "बरोबर हाय." कुणी काहीच विचारलं नाही तरी म्हणायची, "बरोबर हाय." रजिस्टर पुढं आलं की फक्त स्वतःचं नाव वाचायची, नावापुढं 'सौ.' आहे ना ते बघायची आणि मग ती रेघ, तो वळसा, ती टिंबं. वर काय लिहिलंय ते वाचावं, असं त्या येडीच्या मनातही आलं नाही.

एकदा वर लिहिलेलं होतं की मुलींच्या संडासाचं बांधकाम पूर्ण झालं असून समितीनं समक्ष पाहणी केली. भिंती होत्या, पत्रा होता. दार नव्हतं. ते पुढं दोन वर्षं बसलंच नाही, कारण कागदावर ते बसून झालं होतं. माझी लेक तेव्हा त्याच शाळेत होती. एक पोरगी आत गेली की दुसरीनं गोणपाट धरून पुढं उभं राहायचं, अशी पोरींनी पाळी लावलेली. लेक आता बार्शीला संसारात आहे. मध्यंतरी फोनवर हसत हसत म्हणाली, "आई, तू सही केलेल्या संडासाला दोन वर्षं म्याच दार हुते." मीही हसले. फोन ठेवल्यावर मला पदर कुठं खोचलाय ते सापडेना.

त्या बाईची मी नातीपुढं लई टिंगल केली आहे. सहीची नक्कल करून दाखवायची, पोरगी खदखदून हसायची. आणि एवढं सगळं करून, केस पांढरे झाल्यावर, ती बाई माझ्याच मनगटात दबा धरून बसली होती. पेन दिसल्याबरोबर उठली.

सोमवारी मी एक उद्योग केला. रुमालात तिळगूळ बांधला आणि शाळेत गेले. मोठ्या गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि ते रजिस्टर जरा बघायला मिळंल का?" मनात काय होतं? शाई सांडावी, पान फाडावं, की नुसती ती दोन टिंबं खरवडावीत, माझं मलाच ठरत नव्हतं. गुरुजींनी लाडू तोंडात टाकला आणि म्हणाले, "रजिस्टर कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडं. उद्या सभेत बघा ना आजी, सगळ्यांसोबत." येताना व्हरांड्यात नात दिसली. वही मांडीवर घेऊन तोच धडा उतरवत होती. तिनं मला हात केला. मी चपला घालायच्या विसरून फाटकापर्यंत आले होते.

मंगळवारी बायका सतरंजीवर आणि बाप्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मी दाराशी बसले, जुन्या सवयीनं. पाणी प्यायला दोनदा उठले. केंद्रप्रमुख साहेब, आठ-दहा शाळांवर देखरेख करणारे, बिचारे सभ्य गृहस्थ, घड्याळाकडं बघत होते. मोठ्या गुरुजींनी रजिस्टर उघडून वाचलं, "विषय क्रमांक तीन. सदर शिक्षिकेस प्रतिनियुक्तीवर पाठविण्यास समितीची हरकत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर." आणि अनुमोदक म्हणून माझ्या सुनेचं नाव.

मागच्या खुर्चीवरून एका पोराचा बाप खेकसला, "घ्या! बाईला परत आणा म्हणून दारोदार फिरणारी बी हीच, अन् बाईला वाटंला लावणारी बी हीच!"

सतरंजीवरून एक बाई म्हणाली, "आमच्या दारात तर अर्ज मोठा वाचून दाखवत हुती."

सून उठून टेबलाशी गेली. "ही सही माझी न्हाय."

"नाव तर तुमचंच आहे," गुरुजी म्हणाले.

"नाव माझं हाय. पर म्या नावाखाली रेघ वढत न्हाय. हे बघा साहेब, ही रेघ, हा वळसा, ही दोन..."

आणि ती थांबली.

आमच्या घरात लोणच्याच्या प्रत्येक बरणीला मी कागद चिकटवते आणि त्याच्यावर सही करते, मला न विचारता कुणी उघडू नये म्हणून. बारा वर्षं माझी सून त्या बरण्या बघतेय. तिनं हळूच मान वळवली आणि दाराशी बसलेल्या माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीचा दोरा ओढत होते.

तिनं माझं नाव घेतलं असतं तर, खरं सांगते, मी नाकबूल केलं असतं. तेवढी लबाड मी आहे. पण तिनं घेतलं नाही. रजिस्टर मिटलं, साहेबांकडं सरकवलं आणि जागेवर येऊन बसली. मागं कुजबुज वाढली. कुणीतरी हसलं. तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते आणि दोन्ही हात मांडीखाली घातले होते.

मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही.

"साहेब, ती सही माझी हाय."

"आजी, तुम्ही समितीत आहात का?"

"न्हाय. सून हाय. ती कढईवर हुती."

सभा हसली.

"मग तुम्ही सही कशी केली?"

"झोकात केली."

सभा आणखी हसली. साहेबांनाही हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "पण काय लिहिलंय ते वाचलं तरी का नाही?"

"वाचायला काय नव्हतंच, साहेब. कोरं पान हुतं. वर नुसती तारीख."

हसू थांबलं. मोठे गुरुजी चष्मा काढून पुसायला लागले. मघाचा तो बाप खुर्चीवरून ओरडला, "म्हंजे म्हातारीनं गावाला बुडवलं!"

तेव्हा खिचडीवाली बाई, जी आजवर कुठल्या सभेत बोलली नव्हती, खांबाआडून म्हणाली, "तुमच्या मंडळीची सही कुणी केली वो? तुमीच की. दाढीचा साबण गालाला लावून."

मग एकेक निघत गेलं. एकीची सही दिरानं केलेली. एकजण तेव्हा ऊसतोडीला गेलेली, तिची कुणी केली ते कुणालाच सांगता येईना. नऊपैकी स्वतःच्या हाताच्या सह्या तीन निघाल्या, आणि त्या तिघांनीही पान कोरंच बघितलं होतं.

साहेबांनी घड्याळ बघायचं सोडलं. मग म्हणाले, "त्या गावात एकही शिक्षक नव्हता हो. तिथंही पोरंच आहेत."

त्या पोरांचंही खरंच होतं. मग माझी सून बसल्या जागेवरून म्हणाली, "हायत की साहेब. त्यांच्यासाठी मास्तर मागा, आमी बी सही करतो. पर आमची पोरं व्हरांड्यात टाकून, आमच्याच कोऱ्या पानावर, हे कुठलं?"

जुना ठराव रद्द करायचा, बाईंना आठ दिवसांत परत आणावं असा नवा ठराव करायचा, असं ठरलं. साहेब ते वर पाठवणार होते. मोठे गुरुजी म्हणाले, "उद्या नीट लिहून काढतो आणि सह्यांना पाठवतो."

घरी येताना सून चार पावलं पुढं. मी मागनं हाका मारल्या, "अगं, जरा हळू चाल, माझा गुडघा..." ती हळू चालली, पण वळली नाही. संध्याकाळी बघते तर लोणच्याच्या बरण्यांवरचे कागद काढून टाकलेले.

दुसऱ्या दिवशी कढई आटत आलेली असताना खिचडीवाली पुन्हा दारात. पदराखाली रजिस्टर. तिनं माझ्याकडं बघितलं, मी दोन्ही हात पाठीमागं नेले.

सून कढईपुढून म्हणाली, "ठेव तिथं. कढई उतरली की बघते."

"गुरुजी आत्ताच मागतायत, बाई. आजच वर धाडायचंय म्हणं."

मी उठले आणि सुनेच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "जा. हात धू आणि वाच."

"तुमच्यानं व्हायचं न्हाय, आत्या. खांदा दुखंल."

"दुखू दे. तू वाच."

तिनं हात धुतले, पुसले, रजिस्टर उंबऱ्यावर ठेवलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. मी उलथनं फिरवत होते. लाकडांचा धूर डोळ्यात जात होता आणि माझं लक्ष तिच्या बोटाकडं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"'शक्य झाल्यास परत पाठवावे.' शक्य झाल्यास? सभेत हे कोण म्हणलं हुतं?"

"मला काय ठावं, म्या खिचडीवाली," ती बाई म्हणाली.

सून उठली, रजिस्टर काखेत मारलं आणि तशीच शाळेकडं निघाली. वाटेत दोन सदस्य बायकांना हाक मारून तिनं सोबत घेतलं. मला राहवेना. शाळेचं फाटक भट्टीतून दिसत नाही, चुलाणाच्या दगडावर चढलं तर दिसतं. मी चढले. पेन घेऊन मोठे गुरुजी व्हरांड्यात वाकलेले दिसले, तिघी त्यांच्याभोवती उभ्या, आणि माझी नात धडा उतरवायचा सोडून मान उंच करून बघत असलेली. ते दोन शब्द खोडले जाईपर्यंत मी दगडावरच होते.

खाली उतरले तेव्हा खवा लागला होता. चांगलाच लागला होता.

सून परत आली. कढईत वाकून बघितलं, वास घेतला. मला वाटलं, आता सगळं एकदम निघणार, सहीचंही आणि खव्याचंही. ती म्हणाली, "तळ सोडून वरचा काढू. घरी खाता येईल." एवढंच. मी रात्रीच्या भाकरी थापायला बसले, तर भाकरी गोल होईना.

आठ दिवस आम्ही करपट वासाच्या पोळ्या खाल्ल्या. नवव्या दिवशी बाई आल्या. नातीच्या डब्यात त्याच खव्याची शेवटची पोळी होती. संध्याकाळी मी तिला दारातच गाठलं.

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, डब्याला कशाचा वास येतोय गं? म्या सांगितलं, आमच्या आजीनं लक्ष दिलं न्हाय."

"आणि ते बाकीचं? बाकी उरली की काय करायचं?"

"ते उद्या सांगणार हायत."

उद्या! दिवाळीआधीही हेच सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी मी फाटकापाशी उभी होते, बाई येतायत का ते बघायला. हातात केरसुणी होती. कुणी विचारलंच तर रस्ता झाडतेय म्हणून सांगायला.